अण्णांच्या बॅटरीचा पोचा

३ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतीच कुरकुरतेस?

बातमी अशी, की वाचनालयाच्या सभागृहात माझ्या जुन्या पोलिसी टॉर्चांचं प्रदर्शन भरतंय. चाळीस नग आहेत, चार-चार पाच-पाच सेलचे, जाड धातूचे, उचलले की मनगट भरून येतं. आमच्या टॉर्च जमवणाऱ्यांतला तो दातांचा डॉक्टर आपल्या टॉर्चांचे पोचे ठोकून काढतो आणि पॉलिश मारून ठेवतो. गाढवाला गुळाची चव काय! अगं, पोचा हीच तर टॉर्चने केलेली नोकरी. माझ्या प्रत्येक टॉर्चपुढे कार्ड असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'पोचा : सेवेत पडलेला'. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, खरा ओरखडा मला कळतो.

मधोमध अण्णांचा वर्दीतला फोटो लावणार आहे. त्याखाली त्यांचाच टॉर्च हवा. तो तुझ्या माळ्यावर पडून आहे. तेवढा पाठवून दे.

लोभ आहे तो राहू दे.

तुझा,
खटपट्या

१० जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे, कुरकुरही माझीच राहील.

तू टॉर्च म्हण नाहीतर संग्रह म्हण, माझ्या लेखी त्या बॅटऱ्याच. चाळीस बॅटऱ्या, आणि एकीतही सेल नाही, कारण सेल फुटले की आतून धातू खातात, हे तूच मागे सांगितलंस. म्हणजे न पेटणाऱ्या बॅटऱ्यांपुढून माणसं हात मागे बांधून फिरणार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तो असा. तुझी बायको कपडे खुर्चीवर रचते, कारण कपाटात तू पोलीस ठाणं भरलंयस. ती बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मी तीस वर्षं दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. पोच्यांचं कौतुक मला सांगू नकोस. अण्णांची बॅटरी मिळणार नाही. फोटो लाव हवा तर.

लोभ आहेच, वाढवायला मात्र जागा नाही.

ताई

१७ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वडील दोघांचे आणि वस्तू एकटीची, हा कुठला न्याय? तुला नको, मला हवी, तर माळ्यावरच्या उंदरांसाठी राखून ठेवलीयस का? अण्णांनी इमानाने नोकरी केली. त्यांची आठवण चारचौघांत मिरवावी, एवढंच माझं मागणं आहे. ह्या वयात दुसरं काही मागायला मी येणार नाही.

फोटो मोठा करून आणला. सगळं झकास, फक्त वर्दीचे खांदे घसरलेत. एका डोळ्याच्या शिंप्याकडून शिवून घेतल्यावर दुसरं काय होणार! अख्ख्या घराचे कपडे त्या टेलरकाकांकडेच टाकायचे हा हट्ट अण्णांचा, आणि स्वतः मात्र दुकानात कधी पाऊल टाकलं नाही. समोरच्या सायकलवाल्यापाशी उभे राहायचे आणि मला कापड घेऊन पाठवायचे. केवढा तो वर्दीचा तोरा!

मन मोठं कर आणि पाठव. लोभाचं नंतर बघू.

खटपट्या

२४ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

बॅटरी सोबत पाठवतेय. आता कौतुकाने नीट बघ. तिच्या तोंडाची कडा आठ कोनांची आहे. टेबलावरून गडगडू नये म्हणून तशी करतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातले दोन कोन चेपलेत.

मी शिकाऊ नर्स होते, पहिलंच वर्ष. कारखान्याच्या फाटकावर पोलिसांनी संपवाल्यांना मारलं, त्या संध्याकाळी आमच्याकडे सतरा जण आणले. एकाच्या डाव्या भुवईवर दोन कोन स्पष्ट उमटले होते. अकरा टाके पडले, पण डोळा वाचला नाही. घरी आले तर अण्णा मोरीत बसून बॅटरीचं तोंड ब्रशने घासत होते. पायऱ्यांवरून पडली म्हणाले. मला त्यांची किळस आली. आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांचा डबा भरून दिला, त्याची लाज अजून वाटते.

त्या माणसाला कामावरून काढलं. वर्षाने त्याने शिवणाचं दुकान टाकलं. तो माणूस हाच, एवढं मी अण्णांना एकदाच सांगितलं. पुढच्याच महिन्यापासून आपलं कापड तिकडे जायला लागलं. तुझा तोरा तो हा. अण्णांची मापं घरी मी घ्यायचे, आणि मला जखमा मोजायची सवय, खांदे नाही.

आता लिही कार्डावर, 'सेवेत पडलेला'. तू हुशार आहेस, अक्षरही बरं आहे.

ताई

५ जुलै

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुझ्यावरच चिडून होतो. इतकी वर्षं गप्प बसलीस, तर आणखी थोडी बसायला काय झालं होतं, असं वाटत होतं. मग बॅटरी आणि फोटो पिशवीत घातले आणि टेलरकाकांकडे गेलो. दुकान आता मुलगा चालवतो, काका काजं करत बसतात.

नुसतीच बॅटरी पुढे ठेवली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, चेपलेल्या कोनांपाशी थांबले आणि विचारलं, हिच्यात सेल आहेत का. मी मुलाला पाठवून सेल आणवले. काका म्हणाले, हिचा उजेड कसा असतो ते आपल्याला ठाऊकच नाही. लावली. समोरच्या भिंतीवर गोल पडला, तो त्यांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, चांगला आहे की उजेड, तेवढ्याच कामाला वापरायची.

अण्णांच्या वतीने माफी मागायला मी तोंड उघडलं, तर हातानेच गप्प केलं. फोटो मागून घेतला, खांदे बघितले आणि म्हणाले, लोक म्हणायचे काण्या शिंप्याने बिघडवलं, पण गिऱ्हाईक मापाला आलंच नाही तर शिंपी काय करणार. समोर उभा असायचा, दिसायचा मला. एका डोळ्यालाही दिसेल एवढाच तो रस्ता, काही फार रुंद नव्हता.

ताई, मी चाळीसही कार्डं काढून टाकली. कुठलाही टॉर्च हातात घेतला की आता कुणाचं तरी कपाळ दिसतं. त्या दातांच्या डॉक्टरला सगळे देऊन टाकतोय, बसू दे ठोकत. बायकोचे कपडे कपाटात गेले. अण्णांची बॅटरी तेवढी ठेवलीय, सेल घालून.

काका विचारत होते, ते अकरा टाके कुणी घातले. तू घातलेस का? मला तेवढं कळव.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या