सानिकाच्या गैरहजेरीची नोटीस

विटा, मंगळवार, संध्याकाळ

सातवीतली सानिका तीन आठवडे शाळेत आली नाही, म्हणून आज नोटीस घेऊन तिच्या घरी गेले. वडील तामिळनाडूत सोनं गाळण्याच्या, गलाईच्या दुकानात. घरी फक्त आई आणि सानिका. मी दारातच सुनावलं, "मुलीला शाळेत पाठवणं ही तुमची जबाबदारी आहे."

"आवं बाई, मी रोज जा म्हणते. तीच जात न्हाई." बोलताना तिनं उजवा हात पदराखाली घेतला. कोपरापर्यंत भाजलेला होता.

मग सानिकानंच सांगितलं. आईला फिट येते. मागच्या महिन्यात सानिका शाळेत असताना आई पेटत्या चुलीवर पडली.

तो हात मी पाहिला होता. तरी नोटिशीवर सही घेतलीच. तिनं ती डाव्या हातानं केली. का घेतली मी? मुख्याध्यापकांना कागद दाखवायचा होता, एवढ्यासाठी?

निघताना सानिका रस्त्यापर्यंत आली. "बाई, मी न्हाई आले तर आईला शिक्षा हुईल का?"

नाही म्हणायला हवं होतं. मी नोटीस पिशवीत सरकवली.

"मग उद्यापास्नं येते," ती म्हणाली.

उद्या तिची हजेरी लागेल. आई दिवसभर घरात एकटी असेल.