जेठा कोंब

रविवार, संध्याकाळ

मोठे दीर बिद्रीहून आले, मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी गॅलरीतल्या पामचा मधला कोंब चाकूनं उडवला! वर मलाच सांगतात, "उसाचा जेठा कोंब मोडला की कसं फुटवं येत्यात! ह्येचंबी झुडूप हुतंय बघ."

ऊस आहे का तो? एकाच खोडाचा पाम, वाढायला एकच कोंब. तो गेला की संपलं. बी रुजवल्यापासून चार वर्षं सावलीत जपला, दुपारच्या उन्हाची तिरीप लागू दिली नाही. विचारायचं तरी! कुंडीतलं झाड म्हणजे काय बेवारशी?

आणि मी काय म्हणाले? "बरं केलंत, भावजी." जीभ कशी झडली नाही माझी! नवरा शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होता.

एकच कोंब होता.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतोय, तर खालची पानं अजून कित्येक महिने हिरवीगार राहणार. दर खेपेला भावजी म्हणणार, "बघ, जगलं का न्हाई?" आणि मी पुन्हा चहा टाकायला आत जाणार.