माय, मी तुले भूत केलं

प्रिय माय,

पह्यले गुन्हा सांगून टाकतो, मंग तुले काय रागवाचं ते रागव. माय, मी तुले भूत केलं. हो, भूत! साऱ्या हिंगणी गावात बातमी पसरवली का आपल्या घरात तू अजून चुलीपाशी बसते. अन् हे काम मी एकट्यानं नाई केलं, तुह्या लाडक्या नातीले संग घेऊन केलं.

उद्या घराची रजिस्ट्री हाय. तुही सून सारिका आत पोत्यात भांडे भरून राह्यली, मी ओट्यावर बसून लिहून राह्यलो. मले लिहिनं कसं येते तुले माहीतच हाय, नववीत मास्तरनंच हात जोडले होते. चुका पाहजो नोको. उद्या सही झाली का हा ओटा आपला नाई. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून आपल्या मायले कबुली द्याची, बरं दिसते का? म्हून आजच.

घर काऊन विकून राह्यला रे मुडद्या, असंच विचारशीन ना? तू गेली तवापासून मले कोणी मुडद्या म्हतलं नाई. सारिकाले म्हन म्हतलं तं ते लाजते.

जाम चौकातली आमची खोली तू पाह्यली हाय. समोर माहं पंचरचं दुकान, मांगं आम्ही चौघं, अन् दुकानापुढं हायवे. गुड्डू आता तीन वर्साचा झाला. त्याले चालनं येतच नाई, धावनंच येते. दिवाळीच्या अगोदर त्याचा चेंडू रोडावर गेला, अन् चेंडूमांगं हा. ट्रकवाल्यानं असा ब्रेक मारला का साऱ्या चौकात टायरचा वास सुटला. सारिकानं गुड्डूले उचललं, एक धपाटा देल्ला, मंग छातीशी धरलं अन् मले म्हणे, "अवो, आता बस झालं. गावचं घर विका अन् इथं आतल्या गल्लीत आंगनवालं घर घ्या. मले माहे पोट्टे पायजे."

तवापासून ते सैपाक करतानी गुड्डूच्या कमरेले ओढणी बांधते अन् दुसरं टोक खाटेले. परवा हा भाद्दर खाट ओढत उंबऱ्यापर्यंत आला! कोणाचा नातू हाय, सांग बरं?

मी हो म्हतलं, माय. तोंडानं म्हतलं. पोटात मात्र एक भेव बसलं, थे कोणाले सांगतलं नाई. तू गेली तवा परी चार वर्साची, गुड्डू तं दोनाचाबी नोयता. एवढ्या पोट्ट्यायच्या ध्यानात काय राह्यते? चूल दिसन, ओटा दिसन, तं आजी आठवन. ओटाच गेला तं आजी बसन कुठं? घर विकलं का माहे पोट्टे तुले इसरन, हे माह्या डोक्यातून जाये ना.

अन् घर तरी कोणाचं? बाबा गेले तवा मी पायन्यातलं लेकरू. लोकं म्हणत, एकटी बाई, भाजीच्या टोपल्यावर घर उठते का कधी? तू सेलूच्या बाजारात वांगे विकले, सांबार-कोथमिरीच्या जुड्या विकल्या, अन् भिंती उठवून दाखोल्या. मिस्त्रीनं कोपरा वाकडा काढला तं पाडून परत बांधाले लावला. "माह्या वांग्याचा कोपरा हाय, सरकाच पायजे!" आजबी थो कोपरा पाह्यला का माही छाती फुगते. वर्धेतल्या बंगल्यायले नाई असा कोपरा.

तं मंग काय केलं, ऐक.

पह्यलं गिऱ्हाईक आलं नागपूरचं. काया चष्मा, थो घरातबी काढला नाई. आंगनात उभं राहून म्हणे, "हे सगळं पाडू. खोल्या काढू. वाघ पाहायला येणाऱ्यांना देऊ." मांगच्या सांदवाडीत तुहे वांगे होते ना, तिथं म्हणे गाड्या लागतीन. माहं डोस्कंच सरकलं. मी परीले मोरीपाशी नेलं, चिप्सचा पुडा कबूल केला अन् शिकवलं.

साहेब सैपाकाच्या खोलीत शिरले. परी चुलीपुढं जाऊन बसली, रिकाम्या कोपऱ्याकडं पाहून म्हणे, "आजी, जेवली का?"

"कुणाशी बोलते ही?" चष्मा पह्यल्यांदा खाली आला.

"तिची आजी, साहेब," मी म्हतलं. "मागल्या वर्सी वारली. पन घर सोडत नाई."

तेवढ्यात वर छपराच्या कवेलूवर धडधड वाजलं. वांदर होतं, दुसरं काय! पन गुड्डूनं, मी काई शिकवलं नसतानी, वर बोट दाखोलं अन् वरडला, "आजी!" साहेबाची गाडी हिंगणीच्या बाहेर कवा गेली थे साहेबालेबी समजलं नसन.

दुसरं गिऱ्हाईक अस्संच वापस पाठोलं. मी लय खूश. सारिका मात्र डोक्याले हात लावून, "घराले कोणाची नजर लागली बाई!"

गावात बोंब झाली तशी शेजारची कौसामावशी काठी घेऊन आली. तुही जन्माची मैत्रीण, अन् जन्माचं भांडन. मले म्हणे, "कारे पिंट्या, तुही माय भूत झाली म्हनते?"

"लोकं म्हणून राह्यले, मावशी."

"लोकायले अक्कल हाय का? भूत व्हाले मनात काईतरी राह्यलेलं लागते. तुह्या मायनं कोणाचं काई मनात ठेवलं का कधी? सारं तोंडावर बोलून मोकयी झाली. थे कायची भूत होते!"

माय, मी हासलो, पन मनात म्हतलं, वा! मेल्यावर एवढी इज्जत कोणाले भेटते? अन् खरंच हाय. मी मास्तरच्या थैलीत बेडूक ठेवला होता, तवा तुले शायेत बोलावलं. तू भर वर्गात म्हतली, "गुरुजी, पोट्टं चुकलं. पन तुमी बेडकाले एवढे भेता, तं बोरच्या जंगलात वाघ हाय, गावात राह्यता कसे?" सारा वर्ग हासला. मले वाटलं वाचलो. घरी आल्यावर तू वाटंत जमवलेल्या साऱ्या काड्या माह्या पाठीवर मोडल्या!

म्हून तं मले एक गोष्ट सालभर टोचून राह्यलती. तुही शेवटची सकाय. तुही तब्येत बरी नोयती म्हून आम्ही चौघं तवा दोन महिने इथंच येऊन राह्यलतो. तू म्हतली, "पिंट्या, चाय मांड, साखर बरोबर टाकजो." डॉक्टरनं साखर कमी कराले सांगतलं होतं, मी अर्धाच चमचा टाकला. तू एक घोट घेतला, माह्याकडं पाह्यलं अन् काईच बोलली नाई. तू! काई बोलली नाई! मी दवाखान्यासाठी रिक्षा आनाले बाहेर गेलो. दुपारी दवाखान्यात नेलं अन् संध्याकायी तू गेली. साऱ्या जगाले तोंडावर बोलनारी बाई मलेच काऊन बोलली नाई? फिक्की चाय पाजून मी मायले वाटंले लावलं, हेच डोक्यात.

आता खरी गोष्ट सांगतो.

मागल्या रविवारी तिसरं गिऱ्हाईक आलं. गजानन अन् मंगला, रोहण्याकडचे. कालव्याखाली वावर घेतलं त्यायनं, भाजी लावनार हाय. एका मोटरसायकलवर पाचजनं: दोघं नवराबायको अन् तीन पोट्टे. मोठा आठ वर्साचा असन, धाकटीच्या नाकाले शेंबूड. गजाननानं भिंतीले हात लावला, कोपरा पाह्यला अन् म्हणे, "मंगले, पाह्य हा कोपरा." मले माणूस आवडला, माय. पन पुडा कबूल झालता. परी जागेवर बसली अन् म्हणे, "आजी, पाहुने आले."

मंगला भेली नाई. तिनं डोक्यावर पदर घेतला अन् रिकाम्या कोपऱ्याच्या पाया पडली.

"बरं झालं बाई," म्हणे. "आमच्या घरात मोठं माणूस नाई. आमी दोघंबी वावरात जातो, पोट्टे वांदरायले भेऊन दार लावून बसते. आजी हाय तं जीवाले घोर नाई." मंग परीजवय बसली. "काय लागते गं तुह्या आजीले?"

हे मी शिकवलं नोयतं. मी परीले डोयानं खुनावलं का उठ. ते काई उठली नाई.

"आजीले चाय लागते," परी म्हणे. "वांदर आलं का आजी गुलेरीनं गोटा मारते, पन वांदराले नाई मारत, बाजूच्या झाडाले मारते. आजी पह्यले रागावते, मंग गूळ देते. अन् चायमंदी साखर लय लागते. बाबा कमी टाकते. मंग बाबा बाहेर गेले का मी डब्यातून मूठभर टाकतो. आजी म्हणे, बाबाले सांगजो नोको."

मी म्हतलं, "परे, थ्या दिवशीबी? रिक्षा आनली थ्या दिवशी?"

"हो. थ्या दिवशी दोन मुठी."

माय! म्हंजे तू रागावली नोयती! तू मी बाहेर जायची वाट पाहून राह्यलती! मी सालभर सोताले कोसत राह्यलो, अन् तू गोड चाय पिऊन गेली! तुही छातीच थकलती, साखरेचा दोष नाई, हे डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं, म्हून आता बिनधास्त हासतो. मी सोताले मोठा बदमाश समजत होतो. माह्या वर माही माय, अन् माह्या खाली माही पोट्टी! तू म्हणत होती ना, "तुह्या पोटी तुह्यासारखंच येईन, मंग समजन." समजलं, माय. लय भारी वाटलं.

अन् गुड्डू कवेलू वाजलं का आजी काऊन म्हणते, थेबी तवाच समजलं. वांदर आलं का तू गुलेर घेऊन निघत होती ना? त्याच्यासाठी थो आवाज म्हंजे तूच. म्हंजे दोघंबी इसरले नोयते. मीच येडा, घराले धरून बसलो.

मी खरं बोलाले गेलो, "वहिनी, भूतबीत काई नाई, थे मीच..."

तं सारिका मांगून म्हणे, "चिप्सचे पुडे मले पह्यल्याच दिवशी सापडले, अवो. म्हतलं, पाहू किती दिवस नाटक करते हा माणूस." माय, तुले सून कशी भेटली पाय!

मंगलानं मले विचारलं, "भाऊ, पोट्टीनं आजीचं जे सांगतलं, थे खोटं हाय का?"

"नाई, थे सारं खरं हाय."

"मंग झालं. आजी नाई, एवढं माह्या पोट्ट्यायले सांगू नोका. पाहा."

बाहेर पाह्यलं तं त्यायचा मोठा आंगनात उभा, वर कवेलूवर वांदर, अन् पोट्टा कमरेवर हात ठेवून म्हणून राह्यला, "ये खाली! आमची आजी हाय आत!"

सौदा तिथंच झाला. कौसामावशी भिंतीपलीकडून म्हणे, "पोट्ट्यायवर मी ध्यान ठेवतो, चाय मात्र मलेबी लागन." तुही गुलेर मी जामले नेनार होतो. परीनं खुंटीवरून काढू देली नाई. म्हणे, "वांदरं इथं हाय, आजीले इथंच लागन." ठेवली तिथंच.

जामचं नवं घर गल्लीत हाय, माय, रोड दिसतबी नाई. आंगन छोटं हाय, पन गुड्डूले धावाले पुरते. आता ओढणी सुटन त्याची. तुह्या वांग्याचं बी मी पुडीत बांधून घेतलं. वचन देतो, थे आंगनात लावीन, परीच्या हातानं. अन् रोज सकायी पह्यला कप तुह्या नावानं, साखर बरोबर टाकून. अर्धा चमचा नाई, आईशपथ.

फक्त एक काम कर. तू आमच्यासंग जामले येऊन राह्यशीन, हे मले अन् तुले माहीत हाय, तेवढंच पुरे. इथं तीन पोट्टे उद्यापासून तुह्या भरोशावर एकटे राह्यतीन. माय, हात जोडतो, पाया पडतो, तू त्या कोपऱ्यात नाईस, हे कोणालेच सांगजो नोको!

तुहाच मुडदा,
पिंट्या