गुरुवारची वलयं

प्रिय गेन्झो,

कागद पोचला. नेहमीसारखाच उत्तम आहे. तरी गेला महिनाभर मी मनातल्या मनात उगाचच तुझ्या कागदाला बोल लावत होतो, ते आधी सांगून टाकतो. झालं असं, की माझी शाई पाण्यावर फाटायला लागली.

आमचं काम तू शाळेत असल्यापासून पाहतोस. लाकडी हौदातल्या संथ पाण्यावर मी शाईचा कुंचला टेकवतो. मग सायो दुसरा कुंचला स्वतःच्या कपाळावरून फिरवून त्याच जागी टेकवते. कपाळाचं तेवढंसं तेल शाईला हलकेच बाजूला सारतं आणि वलय उमलतं. वलयात वलय होत गेलं, की वर तुझा कागद अंथरायचा. पण आता सायोचा कुंचला टेकला, की शाई घाबरल्यासारखी काठाकडे पळायची. देवळातल्या पोथ्यांना लावायचे कागद थंडीच्या आत द्यायचे आहेत. मी पाणी बदललं, हौद घासला, शाई नव्याने उगाळली. मग वाटलं, माझंच मन मळलं असेल. कागदाच्या देवीपुढे मीठ-तांदूळ ठेवून आलो. तरीही शाई फाटलीच.

पुढे लक्षात आलं, की हे फक्त गुरुवारी होतं.

"गुरुवारी पाण्याला काय होतं गं?" मी सायोला विचारलं.

"पाण्याला काय व्हायचंय," ती म्हणाली आणि लाल झाली. तेव्हा कुठे मला तिच्या कपाळाचा वास आला.

"क्रीम लावलंय. बाबा, मी तेवीस वर्षांची आहे. माझं कपाळ काय फक्त तुमच्या शाईसाठी आहे?"

"तसं नाही गं. पण मग गुरुवारीच का?"

यावर तिने कुंचला धुवायला घेतला, आणि तो काही केल्या धुऊन होईना.

गुरुवारी आमच्याकडे कोण येतं, गेन्झो? कागद घेऊन तुझा शुन्पेई येतो. सायोच्या आईला हे एका नजरेत कळलं असतं. ती नाही, म्हणून मी बिचाऱ्या देवीला तसदी दिली. आता पन्नाशीला टेकलेला मी गोंधळून बसलोय. तुला एकच मुलगा, मला एकच मुलगी. ती वरच्या वाडीत तुझ्या घरी आली, तर माझा दुसरा कुंचला कोण धरणार? तो घरजावई म्हणून इकडे आला, तर तुझा कागद कोण करणार? आनंद मानावा की धास्ती घ्यावी, कळत नाही. प्रार्थनेला बसलो तर काय मागायचं, तेही सुचत नाही.

खरं तर कागद दुसऱ्या वारी पाठव, एवढंच कळवायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण वार बदलला, तर क्रीमचाही वार बदलेल. म्हणून असं कर. शुन्पेईला गुरुवारीच पाठव, पण संध्याकाळी, हौद रिकामा झाल्यावर. आणि त्याला सांग, जेवूनच जायचं.

तुझाच गोंधळलेला,
तोकुजी