खूण कुठंय?

३ जून
नवं गाव, नवी नोकरी, आणि मी जाम खूश! बर्गनच्या रिपरिपीतून सुटले एकदाची. इथे उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेवढे जाड पडदे घ्यायला हवेत. काम माझं नेहमीचंच: सोनोग्राफीवर शीर शोधायची, दंडातून बारीक नळी हृदयाच्या तोंडापर्यंत सरकवायची. आमची प्रमुख अस्बियर्ग साठीची, जिभेला भलतीच धार. मी घाईत सोनोग्राफीचा प्रोब दंडावर उलटा टेकवला, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तोरुन, खूण कुठंय? प्रोबवरची खूण खांद्याकडे ठेव गं बाई! नाहीतर हृदयाकडे जाणारं पडद्यावर बोटांकडे जाताना दिसेल, आणि तू खुशाल बघत बसशील." मग तिनेच मला गरम वॅफल वाढलं, वर तपकिरी चीजचा जाड काप. आवडली मला.

५ जून
हाल्वदान नावाचा म्हातारा मच्छीमार आलाय, केमोसाठी नळी घालायची होती. दंडावर प्रोब दाबला. शीर चपटी झाली, धमनी ठोके देत राहिली, सगळं ठीक. पण शेजारी तिसरं काळं वर्तुळ होतं. ते दबेना, ठोकेही नाहीत. सुई जवळ नेली तर बाजूला सरकलं. नळी शिरेत नीट बसली. अस्बियर्ग म्हणाली, तुझाच हात हलला असेल. माझा हात हलला नव्हता.

६ जून
हाल्वदानने नळी दातांनी उपटली. भिंतभर रक्त. ते वर चाललंय, हात तोडा माझा, असं किंचाळत होता. अस्बियर्गचे केस धरून त्याने तिचं डोकं पलंगाच्या कठड्यावर आपटलं. मी गुंगीचं इंजेक्शन देत होते. त्याने हिसका दिला, आणि त्याच्या दंडातली सुई माझ्या डाव्या दंडात घुसली.

७ जून
हाल्वदान गेला. जेवणाच्या सुरीने दंड हाडापर्यंत चिरून घेतला होता त्याने. पण मेला त्या जखमेने नाही. शवविच्छेदनात हृदय आतून कुरतडलेलं निघालं. मला फार भीती वाटतेय.

९ जून
माझ्या दंडावर प्रोब लावला. तीन वर्तुळं. डॉक्टर आले तर दोनच. झोपेच्या गोळ्या देऊन गेले.

१० जून
सोनोग्राफीच्या खोलीला आतून कडी. प्रोब दंडावर चिकटपट्टीने बांधलाय, आडवा नाही, उभा, हाताच्या लांबीला. ते सरकतंय — खाली, बोटांकडे. देवा, बरं झालं, हृदयापासून लांब. पडद्याबाहेर गेलं. कोपराशी पट्टा आवळला. आता परत येऊ दे बघू!

चिरते.

चिरलं. मनगटापर्यंत. जेल, रक्त — बोटं आत घालून बघितली. काही नाही. इथे काहीच —

अस्बियर्गचा फोन. घरीच आहे, डोक्याला टाके. रडत सांगितलं तिला, खाली गेलंय पण सापडत नाही. तिने हळूच विचारलं, तोरुन, खूण कुठंय?

बघितलं.

बोटांकडे.

म्हणजे ते खाली नाही, ते — छातीत आत्ता काहीतरी