न वाजणारा मागचा लाईट

पप्पा, आज मी सायकलच्या दुकानात बादलीभर पाणी मागितलं, मागचा लाल लाईट बुडवून बघायला. दुकानदार बोलला, "भाई, लाइट लेने आया है या नहलाने?" मी बोललो, "दोनों." तुम्ही असता तर बादली घरूनच नेली असती.

झालं काय, मी आणि छोटी शनिवारी रात्री घोडबंदरला खाडीकडच्या कच्च्या रस्त्याने सायकल मारतो. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, आता कॉलेजला जाते. तिकडे खांब नाहीत, दिवे नाहीत. तिच्या पुढच्या लाईटचा उजेड हातभर, त्यामुळे माझा मागचा लाल लाईट बघूनच ती वळणं घेते. आणि माझी खोड तुम्हाला माहितीये. मध्येच लाईट बंद करायचो, ती किंचाळायची, मी हसायचो. गेल्या शनिवारी दगडांवर आदळून लाईटची प्लास्टिकची क्लिप तुटली, लाईट पडला आणि खरंच विझला. मी ओरडलो, "थांब!" ती मागून हसतेय, "नाटक नको करू रे दादा," आणि वळणावर सरळ चिखलात. हाड वाचलं, कोपर सोललं. आई बोलली, "पुन्हा तिला नेलंस तर तुझी सायकल भंगारात." छोटीने माझा तुटलेला लाईट पुसून माझ्या हातात दिला. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून नवघरचा तुमचा गाळा डोळ्यासमोर येतोय. तुम्ही रबराचे वायसर ताणून ताणून तपासताय, मी डबा घेऊन आलोय. घरात काहीही नवीन आलं की तुम्ही आधी कानाजवळ हलवणार, मग पाण्यात बुडवणार. "वाजतं ते तुटतं." मला लाज वाटायची. एकदा मी तुमच्या बॅटरीत चणा टाकून ठेवला. तुम्ही हलवली, खुळखुळ. सगळ्यांसमोर खोलली, चणा काढला, खाल्लात, आणि बोललात, "मस्करी माझ्याशी कर रे. बॅटरीशी नको. रात्री तिच्या भरवशावर घरी येतो मी." मारलं नाहीत. मारलं असतं तर विसरलो असतो.

आज छोटीला घेऊनच गेलो. पहिला लाईट कानाशी हलवला, आत काहीतरी वाजत होतं. दुसऱ्याचा उजेड एकदम भारी, पण चार्जिंगच्या भोकाचं झाकण नखाने निघत होतं, चिखल गेलाच आत. तिसरा दिसायला येडा, पण हलवला तर गप्प, आणि क्लिपच्या जागी जाड रबरी पट्टा. पाण्यात बुडवला, पेटलेलाच. मग फरशीवर टाकला. "टूटा तो लेना पड़ेगा!" दुकानदार ओरडला. "नहीं टूटा, इसलिए ले रहा हूँ."

मी छोटीला बोललो, "आता मी कधीच बंद नाही करणार." ती बोलली, "बघू." पण पट्टा तिनेच माझ्या सायकलला आवळला, दोनदा ओढून बघितला. थँक्यू पप्पा. हे पोस्टात टाकायचं नाहीये, वहीतच राहील.

एक सांगायचं राहिलं. तिने विचारलं, "हे सगळं कोणी शिकवलं तुला?" मी बोललो, व्हिडिओ बघितला. तुमचं नाव घेतलं असतं तर तिने विचारलं असतं, पप्पांचा आवाज कसा होता. शब्द सगळे आठवतात. आवाज आता नीट आठवत नाही.