दोन किलो मटार

प्रिय निधी,

खूप खूप आशीर्वाद. चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच माझं अक्षर आहे, सांभाळून घे. परवा फोनवर तू विचारलंस, डॉक्टर मॅडम म्हणतात, ‘माझ्याशी बोलतेसच, आता जोडीला तुझ्यासारख्याच बुजणाऱ्या सातजणांच्या ग्रुपमध्येही बसून बघ’, तर आजी, जाऊ का? अख्खं घर सोडून मला विचारलंस! दिवसभर मी मिरवत होते, का ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

खरं सांगू, आधी मलाही पटेना. नको असलेला कुर्ता परत करायला दुकानदाराशी बोलावं लागेल म्हणून जी मुलगी तो तसाच ठेवून घेते, तिला सात अनोळखी माणसांत बसवायचं, हे कसलं औषध? (त्या पिवळ्या कुर्त्याची मी उशीची खोळ शिवली, छान झाली.) मग मला माझंच आठवलं.

लग्न होऊन दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा तुझ्या आजोबांनी मला मराठी बायकांच्या भजनी मंडळात घातलं. सगळ्या शिकलेल्या. माझा आवाजच फुटेना. मग मी युक्ती केली, नुसतं तोंड हलवायचं. दोन वर्षं हलवलं गं! आजोबा खूश, बायको गायला लागली म्हणून. एका जानेवारीत असं धुकं पडलं की पेटीवाल्या प्रभावतीबाईंच्या घरी मंडळातली चंद्रप्रभा आणि मी, दोघीच पोचलो. पेटी सुरू झाली, आम्ही तोंडं उघडली, आणि पेटीशिवाय काही ऐकूच येईना. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. अगं, तीही दोन वर्षं नुसतं तोंडच हलवत होती! मी तिच्या आवाजामागे लपत होते, ती माझ्या. इतक्या हसलो की प्रभावतीबाई रागावून चहा टाकायला उठल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा गायले. बेसूर, पण ऐकू आले. आजोबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तुझ्या त्या सातजणांतही अशी एखादी चंद्रप्रभा असेलच. तुला जमेल की नाही, ते मी काय सांगू, मी डॉक्टर थोडीच आहे? पहिल्या दिवशी गप्प बसलं तर चालेल का, एवढं मॅडमना आधी विचार. कुणी बोलायची जबरदस्ती केली, कुणी हसलं, तर सरळ उठून ये. त्यात कमीपणा नाही.

हे फोनवर नाही बोलले, कारण मला बरं वाटावं म्हणून तू फोनवर हो हो म्हणतेस. पत्राला हो म्हणावं लागत नाही. आणि आणखी एक. काल देवळात जाते असं तुझ्या बाबांना सांगून मी मेट्रोने नोएडाला जाऊन तुझा ग्रुप बसतो ती जागा बघून आले. समोर बाग आहे, बाकावर छान ऊन येतं. शनिवारी मी तिथे दोन किलो मटार घेऊन बसणार आहे. तुझा दीड तास आणि माझे मटार बरोबरच संपतील. मधेच उठून आलीस तर उरलेले दोघी सोलू. आत पाऊलच टाकवलं नाही, तर सगळेच दोघी सोलू. दाण्यांसाठी डबा मात्र तू आण. मी मुद्दामच नेणार नाही, म्हणजे बागेपर्यंत तरी तुला यावंच लागेल.

तुझीच,
तोंड हलवणारी आजी